खाली म्हणजे कुठं

इंग्रजीत पत्र लिहायचं असलं की दोहा शहरातले आमच्या ओळखीचे लोक माझ्याकडे येतात. घरमालकाला एसी दुरुस्त करायला सांगायचंय, शाळेकडे रजा मागायचीय, कंपनीच्या एचआरला नम्रपणे झापायचंय, सगळं मी लिहून देतो. वेस्ट बेमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे दिवसभर कागदांना नंबर देतो आणि कुठला कागद कुणाकडे गेला ते सांभाळतो. माझ्या पत्रात स्पेलिंग चुकत नाही आणि शिवी दिसत नाही. या दुसऱ्या गोष्टीचा मला जास्त अभिमान होता.

यंदाच्या हिवाळ्यात मी असंच एक पत्र लिहिलं. एका एकोणीस वर्षांच्या मुलीला बास्केटबॉलच्या टीममध्ये घेऊ नये म्हणून.

माझी मुलगी इथल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या टीममध्ये खेळते. त्या टीममध्ये तेव्हा बारा मुली होत्या आणि बाराही आपल्याकडच्या. केरळच्या पाच, हैदराबादच्या चार, वसईच्या दोघी आणि रायगडच्या किनाऱ्यावरची आमची. कॉलेजात सुदानी, इजिप्शियन, नायजेरियन, फिलिपिनो मुली ढीगभर, पण बास्केटबॉल आपोआप आमचा झाला होता. या सगळ्या इथल्या भारतीय शाळांमधून एकमेकींना ओळखत आलेल्या. कुणी दारावर पाटी लावली नव्हती. बाकीच्या मुली एकदा डोकावायच्या, बारा जणींचा घोळका बघायच्या आणि व्हॉलीबॉलकडे वळायच्या. आम्ही पालक म्हणायचो, त्यांना आवड नसेल.

मला स्वतःला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी गावाकडचा कबड्डीवाला. पण आम्ही राहतो त्या अल अझीझियातून चार मुलींना गाडीत घालून सरावाला सोडायचं आणि परत आणायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे आठवड्यातून तीन संध्याकाळी मी हॉलच्या पायऱ्यांवर बसलेला असायचो. बसलेला माणूस सल्ला दिल्याशिवाय राहत नाही. मुली मैदानात इंग्रजीत ओरडायच्या आणि समोरच्या टीमला सगळं कळायचं. मी म्हटलं, अगं, आपल्या भाषेत ओरडा की. मीच शब्द काढून दिले. चेंडू सावकाश फिरवत ठेवायचा असेल तर ‘भाकरी’. समोरच्यांच्या अंगावर धावून जायचं असेल तर ‘सुकट’. बाहेरच्या रेषेवर पळायचं तर ‘वर’ आणि रिंगच्या बुडाशी पळायचं तर ‘खाली’. केरळच्या मुली इतक्या सफाईदार ‘भाकरी’ म्हणायला लागल्या की मला भरून यायचं. त्या हंगामात टीमने ओळीने पाच सामने जिंकले आणि माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

आणि मग ती आली. सुदानची. दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेली, अंगानं सडपातळ, रंगानं काळी, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ. आमच्या कोचबाई फिलिपिनो आहेत, बुटक्या आणि आवाजानं खणखणीत. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी दहा मिनिटं खेळवलं आणि शिट्टी तोंडातच धरून उभ्या राहिल्या.

मला खेळ कळत नसला तरी हात कळतो. या मुलीच्या हाताला घाई नव्हती. बाकीच्या चेंडू आपटत आपटत आवाज करत जायच्या; ही थांबायची, मान वर करायची, आणि चेंडू असा सोडायची की जाळीला तेवढा स्पर्श ऐकू यायचा. आणखी एक गोष्ट मी बघितली. तिला कुणी पास देत नव्हतं. पंधरा पंधरा मिनिटं ती नुसती धावायची. पण तिनं तोंड वाकडं केलं नाही, हात पसरून मागितलं नाही. कुणाचा नेम चुकून चेंडू रिंगवरून उडाला की ती तिथं हजर असायची. देत नाहीत ना, मग पडलेला घेते, असा तिचा हिशेब. कबड्डीत अशा गड्यासाठी आम्ही भांडणं केली असती.

पण ती माझ्या पोरीच्या जागेवर खेळत होती. खरं दुखणं ते होतं. मार्चमध्ये मस्कतला कॉलेजांची स्पर्धा होती आणि बाराच जणी जाणार होत्या. चेंडू पुढं आणून खेळ चालवायच्या जागेला कोचबाई दोघींना नेणार होत्या. एक कॅप्टन, वसईची, ती पक्की. दुसरी आजवर आमची. आता ही तेरावी आली होती.

पालकांच्या ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. एक म्हणाला, टीमची लय बिघडतेय. दुसरा म्हणाला, ती मुलगी सूचना पाळत नाही, ‘खाली’ म्हटलं की भलतीकडेच पळते. कुणीही तिच्या रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. आम्ही सभ्य लोक. शेवटी सगळे माझ्याकडे वळले आणि मी एका बैठकीत पत्र लिहिलं. ‘टीममधील सामंजस्य’, ‘दीर्घकाळ एकत्र खेळल्याचा लाभ’, ‘सूचनांचे पालन न होणे’, सगळं आलं. आठ पालकांनी सह्या केल्या, पहिली माझी. कोचबाईंना मी ते लिफाफ्यात घालून दिलं. पोरीला काही बोललो नाही. तिला कशाला त्रास, असं मनाशी म्हटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी सरावातल्या सामन्यात आमचीला बाहेर बसवून कोचबाईंनी नवीन मुलीला उतरवलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी उठून पाण्याच्या मशीनपाशी गेलो आणि बायकोला फोन लावला. इथं एक बरं असतं, मराठीत काहीही बोलावं, आजूबाजूला कुणाला कळत नाही. मी मोठ्यानंच म्हणालो, “ती नवीन हबशीण आली ना, तिच्यापायी आपलीला बाहेर बसवलान.”

मागं कुणीतरी बाटली भरत होतं. वळून बघितलं तर तीच. सामन्यातून पाच मिनिटांसाठी बाहेर आलेली, घामाघूम.

“अंकल,” ती इंग्रजीत म्हणाली, अगदी सौम्यपणे, एखाद्याला चुकीचा पत्ता दुरुस्त करून द्यावा तशी, “मी हबशी नाही. हबशा शेजारचा देश. इथिओपिया. मी सुदानी.”

माझ्या हातातला फोन तसाच राहिला. आत बायको हॅलो हॅलो करत होती. आपल्या भाषेत आपण जे बोलतो ते इतरांना कळत नाही, या भरवशावर मी या देशात वीस वर्षं काढली आणि शब्द उचलला तोही नेमका अरबी. खलास.

“तुम्हाला अरबी येतं?” तिनं विचारलं. तिला खरंच नवल वाटलं होतं.

“नाही. ही मराठी.”

“मराठीत हबशी म्हणजे काय?”

आता काय सांगायचं? आमच्या घरात हा शब्द कुणाला आणि कधी वापरतात ते मला चांगलं ठाऊक होतं. पोर उन्हात खेळून काळी झाली की, लग्नाच्या स्थळाला नाक मुरडायचं असलं की. माझा स्वतःचा रंग काही केतकी नाही, तव्याच्या बुडाशी माझं जवळचं नातं आहे, आणि तरी आमच्यात गोऱ्या सुनेसाठी जीव टाकतात. हे सगळं सोडून मी तिला इतिहास सांगितला. आमच्या किनाऱ्यावर समुद्रात एक किल्ला आहे, जंजिरा. तुमच्या बाजूचे लोक शेकडो वर्षांपूर्वी तिथं आले, त्यांना आम्ही हबशी म्हणतो, सिद्दी म्हणतो. त्यांनी किल्ला राखला, राज्य केलं, आमचे पूर्वज त्यांच्यापुढे मान खाली घालून उभे राहायचे.

ती लक्ष देऊन ऐकत होती. बाटलीचं झाकण तिनं लावलं.

“राजे होते?”

“हो.”

“मग फोनवर तुम्ही मला राणी म्हणत होतात?”

ती हसली नाही आणि रागावलीही नाही. आतून शिट्टी वाजली तशी पळत गेली.  मला माझी लाज वाटली. पत्रात शिवी दिसत नाही म्हणून मिरवणारा मी.

घरी बायकोनं मला सोडलं नाही. तिनं फोनवर सगळं ऐकलं होतं. “तुमच्या तोंडाला काय कुलूप नाय? परक्याची पोर ती. आपल्या पोरीला कोण असा बोलला असता तर तुम्ही त्याच्या घरी जाऊन दार तोडला असता.”  त्या रात्रीचं कालवण खारट होतं की मलाच तसं लागलं, कोण जाणे.

पुढच्या सरावानंतर बघितलं, ती मुलगी मेट्रो स्टेशनकडे चालत निघाली होती. तीही अझीझियातच राहत होती, आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडं, आणि इतके दिवस मी चार पोरींना गाडीतून नेताना तिच्या शेजारून जात होतो. मी गाडी थांबवली. बाकीच्या तिघी त्या दिवशी आल्या नव्हत्या; ती मागं बसली. माझी पोर पुढं.  बोलायला सुरुवात त्या मुलीनंच केली.

“अंकल, तुमच्या भाषेत आमचे आणखी किती शब्द आहेत?”

मला सुटका हवीच होती. मी सुरू झालो. दुकान. हवा. कायदा. वकील. जवाब. ती प्रत्येक शब्दाला मागून “आमचा!” म्हणून ओरडायची. मी तालीम म्हटलं. ती म्हणाली, आमच्यात तालीम म्हणजे शिकवणं. मी म्हटलं, आमच्यात कुस्ती शिकवतात ती जागा, आणि नाटकाचा सराव पण. इशारा तिचाही निघाला. बदलही निघाला, थोड्या फरकानं. माझी पोर एरवी माझ्या मराठीच्या व्याख्यानाला कानात हेडफोन घालते. त्या दिवशी मागं वळून बसली होती.

मग तिनंच मागच्या मुलीला विचारलं, “खाली?”

“आमचाच,” ती म्हणाली. “खाली म्हणजे मोकळं. रिकामं. जिथं कुणी नाही.”

पोरीनं डॅशबोर्डवर हात आपटला. सिग्नलला मी दचकून ब्रेक मारला. महिनाभर मुली ‘खाली’ म्हणून ओरडत होत्या आणि ही मुलगी रिंगचं बूड सोडून मोकळ्या जागेकडे धावत होती. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे आम्हा सगळ्यांना येत होतं, पण मराठीच्या गुर्मीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती सूचना पाळत होती. बारा जणींपेक्षा जास्त पाळत होती. आणि ‘सूचनांचे पालन न होणे’ हे वाक्य मी माझ्या हातानं, माझ्याच शब्दामुळे, टाइप करून ठेवलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून कोचबाईंकडे गेलो. म्हटलं, ते पत्र परत हवंय.

त्यांनी खण उघडला. पत्र तिथंच होतं, पुढं कुठंही गेलेलं नव्हतं. “आठ सह्या आहेत, सर. तुमची खोडता येईल. बाकीच्या सातांचं काय?”

सातांना मी फोन केले. दोघांनी सह्या मागं घेतल्या, तिघांनी विचार करतो म्हटलं, एकानं मला उलट झाडलं की लिहिताना बरा शहाणपणा सुचला नाही. बरोबरच होतं त्याचं. सातवा माझा जुना मित्र. त्याच्याशी माझी जोरदार जुंपली आणि आम्ही अजून बोलत नाही.

कोचबाई म्हणाल्या, “पत्रावर मी टीम निवडत नाही. गुरुवारचा सामना बघेन आणि रविवारी यादी लावेन. पण सर, ती आत आली तर त्या जागेवरून कोण बाहेर जाईल, तुम्हाला माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“तरी खोडू?”

“खोडा,” मी म्हटलं. हे मी फार शूरपणे म्हटलं असं वाटायला नको. घरी जाईपर्यंत मी मनात अल्लाला सांगत होतो की दोघींनाही घेता येईल अशी काहीतरी सोय कर.

गुरुवारपर्यंत दोन सराव झाले. माझी भाकरी आणि सुकट त्या मुलींनी रजेवर पाठवली. दोघींनी गाडीत बसून नवे शब्द ठरवले, दोन्हीकडे चालतील असे. धावून जायचं तर ‘हमला’, जागा अदलाबदल करायची तर ‘बदल’, शेवटचा डाव ‘आखिर’. आणि खाली म्हणजे मोकळं, मी मोकळी आहे, मला दे. केरळच्या मुलींनी एका संध्याकाळी सगळं पाठ केलं. मला कुणी काही विचारलं नाही. मी पायऱ्यांवर बसून ऐकत होतो आणि मला खरोखर बरं वाटत होतं.

गुरुवारी हॉल भरला होता. समोरची टीम उंच आणि दांडगी. पहिल्या अर्ध्यात आम्ही आठ गुणांनी मागं. मग ती उतरली आणि कोचबाईंनी तिला बाजूच्या जागेवर खेळवलं. काय खेळली! तिला दोघी दोघी घेरायच्या आणि ती अंगाला अंग न लावता मधून निघायची, तेलातून दोरा काढावा तशी. स्वतः टाकायची तेवढंच दुसऱ्यांना द्यायची. ज्या मुलींनी महिनाभर तिला चेंडू दाखवला नव्हता त्यांच्या हातात ती नेमका चेंडू ठेवायची, मागचं काही मनात न ठेवता. हैदराबादची एक मुलगी तिच्या पासवर गोल करून आली आणि तिच्या गळ्यातच पडली. गोल नव्हे, बास्केट म्हणतात, पोरगी मला अजून दुरुस्त करते.

शेवटची तीन मिनिटं राहिली आणि कॅप्टनचे पाच फाऊल झाले. तिला बाहेर यावं लागलं. तिच्या जागी माझी पोर उतरली. आता दोघी एकाच वेळी मैदानात होत्या. मी खोटं कशाला सांगू, मी माझ्या पोरीचे गुण मोजत होतो. एक बास्केट. मग अजून एक. मनात म्हणत होतो, आणखी एक टाक गो पोरी, कोचबाई बघतायत.

नऊ सेकंद उरली तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो आणि चेंडू माझ्या पोरीच्या हातात होता. ती पुढं आली. तिच्यासमोरच्या मुलीचा पाय घसरला आणि ती बसकण मारून पडली. पोरीसमोर रिंगपर्यंत कुणी नव्हतं. सरावात त्या जागेवरून ती दहातले सात टाकते, मी मोजलेत. मी उभा राहिलो. तेवढ्यात उजव्या कोपऱ्यातून हाक आली, “खाली!”

पोरीनं रिंगकडे बघितलं. मग कोपऱ्याकडे. आणि चेंडू दिला.

त्या मुलीनं तो घेतला, थांबली, मान वर केली आणि सोडला. जाळीचा तेवढा आवाज झाला. मग हॉलच कोसळला म्हणा. बारा जणी तिच्या अंगावर पडल्या. माझी सगळ्यात आधी. कोचबाईंची शिट्टी दोरीला लोंबत होती आणि त्या दोन्ही हातांनी तोंड झाकून उभ्या होत्या. माझ्या शेजारी पत्रावर सही केलेला एक पालक बसला होता, सही मागं न घेतलेला. तोही उभा राहून टाळ्या वाजवत होता.

रविवारी दुपारी ग्रुपवर यादी आली. मी पोरीला आणायला कॉलेजच्या पार्किंगमध्ये थांबलो होतो. बारा नावं. त्या मुलीचं नाव चौथं होतं. आमचं नाव कुठंच नव्हतं. मी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली, ऑफिसात हरवलेला कागद शोधताना वाचतो तशी.

पोर आली, दप्तर मागं टाकलं, पट्टा लावला. डोळे लाल होते. तिनं यादी बघितली होती. मी गाडी सुरू केली नाही.

“तो शॉट तुला मारता आला असता,” मी म्हटलं.

“हो.”

“लागला असता.”

“कदाचित. तिचा लागणारच होता.”

“आणि यादीचं? ते तुला तेव्हा माहीत होतं?”

ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळली.

“अब्बा, ती माझ्यापेक्षा चांगली खेळते. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्हालाही कळलं होतं. नाहीतर तुम्ही पत्र कशाला लिहिलं असतं?”

मी तिला पत्राबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं.